हाताला खाज, फोड, भेगा... ट्यूब बंद केली की परत! कॉन्टॅक्ट डर्मटायटिसबद्दल अनुभव सांगा

सावली_२१
नमस्कार, इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. गेले सात महिने हातांनी अगदी जीव नकोसा केलाय. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिचं सगळं मीच बघते, त्यामुळे दिवसातून पंचवीस-तीस वेळा हात धुणं होतंच, वर चादरी, कपडे, भांडी. सुरुवातीला नुसतं बोटांच्या बेचक्यात कोरडं, पांढरट झालं, मग अंगठीखाली लाल चट्टा आला, मग भेगा, पाणी लागलं की चुरचुरायचं. मला वाटलं साबणानेच होतंय म्हणून रबराचे हातमोजे घेतले आणि खरंच दोन-तीन आठवडे बरं वाटलं.
पण त्यानंतर जे सुरू झालं ते आधीसारखं नाहीये. हाताच्या पाठीवर बारीक बारीक पाण्याचे फोड येतात आणि रात्री इतकी खाज सुटते की उठून नळाखाली हात धरून बसते. डॉक्टरांनी ट्यूब दिली, लावली की चार दिवसांत जातं, बंद केली की आठवड्यात परत हजर. तीन ट्यूब संपल्या. एकांनी फंगल म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी रक्तातली उष्णता. ओळखीच्या एक बाई तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत आता. हे लागण होणारं आहे का? आईला होईल का? मला त्याचीच जास्त भीती वाटते.

रानवारा
सावलीताई, आधी ती भीती काढून टाका. कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे कशाच्या तरी स्पर्शाने होणारा त्वचेचा दाह, एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात लावून नाही, कपड्यांतून नाही, फोडातलं पाणी लागलं तरी नाही. मला अकरा वर्षं आहे आणि घरात कुणालाच कधी झालं नाही. फक्त हे खरंच तेच आहे ना, खरूज किंवा फंगल नाही ना, हे एकदा नीट बघून घ्या, कारण त्या दोन्हींची लागण होते. फंगलला त्वचा खरवडून थेंबभर औषध टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, दहा मिनिटांचं काम असतं. नुसतं बघून फंगल म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. आणि एकाच हाताला असेल तर पायाचे तळवेही बघा, फंगलमध्ये पुष्कळदा एक हात आणि दोन्ही पाय असा मामला असतो.

त्वचेची_वही
मी स्किनची डॉक्टर आहे, इथे कुणाचं निदान करत नाही पण समजून घ्यायला मदत होईल म्हणून लिहिते.
या आजाराचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात म्हणून गोंधळ होतो. पहिला इरिटंट, म्हणजे त्वचेला सरळ सरळ इजा. साबण, डिटर्जंट, सतत पाणी, ॲसिड, सिमेंट, यांनी त्वचेच्या वरच्या थरातलं तेल धुऊन जातं, भिंतीचा गिलावा निघाला की विटा उघड्या पडतात तसं. हे कुणालाही होऊ शकतं, मात्रा पुरेशी पाहिजे, बस. दर पाच जणांत साधारण चौघांचा प्रकार हाच असतो. यात आग, चुरचुर, भेगा जास्त.
दुसरा ॲलर्जिक. इथे त्या पदार्थाने जखम होत नाही, शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला शत्रू समजते. पदार्थाचा अगदी छोटा रेणू त्वचेत शिरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो आणि टी पेशी (या यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी) त्याला 'ओळखून' ठेवतात. ही ओळख व्हायला कमीतकमी दहा ते चौदा दिवस लागतात, कधी तर वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूची अचानक होते. एकदा ओळख झाली की मग पुढच्या वेळी किंचितसा स्पर्श झाला तरी एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. लक्षात घ्या, *एक ते तीन दिवसांत*. म्हणून लोक आज उठलेल्या पुरळाचं कारण आज सकाळी काय लावलं त्यात शोधत बसतात आणि खरा गुन्हेगार परवाचा असतो. यात खाज आणि फोड जास्त.
सावली, तुम्ही म्हणताय की मोजे घेतल्यावर आधी बरं वाटलं आणि मग वेगळ्या प्रकारचं सुरू झालं. मला दोन गोष्टी सांगा, पुरळ नेमकं कुठे संपतं? आणि तळव्यावर जास्त आहे की पाठीवर?

सावली_२१
डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता दिव्याखाली नीट बघितलं. मनगटाच्या वर दोन बोटं जागा सोडून सरळ रेघ मारल्यासारखं थांबतं. पाठीवर जास्त, तळव्याला कमी. म्हणजे मोजे???

त्वचेची_वही
शक्यता आहे, अजून खात्री नाही. अशी सरळ रेघ त्वचा स्वतःहून मारत नाही, ती बाहेरच्या वस्तूची कड असते. तळव्याची कातडी जाड असते, आत काही शिरायला वेळ लागतो, म्हणून मोज्यांची ॲलर्जी हाताच्या पाठीवर आणि मनगटावर आधी दिसते. रबर लवचिक आणि टिकाऊ व्हावं म्हणून त्यात थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात आणि ॲलर्जी बहुतेक वेळा त्यांचीच असते. लॅटेक्सची जी ॲलर्जी लोकांनी ऐकलेली असते ती निराळी, त्यात काही मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, कधी श्वास अडकतो, ती गंभीर असू शकते. तुम्ही सांगताय ते तसं वाटत नाही.
आधी साबणाने तुमच्या त्वचेचा गिलावा गेला होता, त्या उघड्या त्वचेतून रसायन शिरायला वाट मिळाली. इरिटंटवर ॲलर्जिक चढतं ते असं. पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी शोधायची चाचणी, करून घ्या असं मी आग्रहाने सांगेन.

अभय_बांधकाम
मी साईटवर काम करतो त्यामुळे मधे बोलतो. आमच्याकडे ओल्या सिमेंटने हे फार होतं. दोन गोष्टी एकदम असतात, एक तर ओलं सिमेंट प्रचंड अल्कली असतं, पीएच १२ च्या वर, बुटात गेलं आणि दिवसभर राहिलं तर चक्क भाजतं, आणि दुसरं त्यातलं क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार, त्याची ॲलर्जी होते आणि ती झाली की मग माणसाचा धंदा बदलायची वेळ येते. आमच्या एका गवंड्याचं वीस वर्षांचं काम सुटलं, हात हत्तीच्या कातड्यासारखे झाले होते. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घातलं की हे विरघळणारं क्रोमेट कमी होतं, डेन्मार्कने १९८० च्या दशकातच ते सक्तीचं केलं आणि युरोपात २००५ पासून २ पीपीएमची (दहा लाख भागांत दोन भाग) मर्यादा आहे. म्हणजे उपाय माहिती आहे, महाग पण नाही, तरी माणसं हात घालवून बसतात याचं मला फार वाईट वाटतं. साईटवर काम करणाऱ्यांनी एवढं तरी करा, सिमेंट अंगाला लागलं तर वाळायची वाट बघू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि मोज्याच्या आत सिमेंट गेलं तर तो मोजा तिथेच काढून टाका, आत सिमेंट असलेला मोजा मोजा नसण्यापेक्षा वाईट.

पिंपळपान
इतकं कशाला रसायनांच्या मागे लागायचं, मी सगळं नैसर्गिक वापरते, टी ट्री ऑइल लावून बघा, लव्हेंडर ऑइल पण छान, केमिकल नाही म्हणजे ॲलर्जी होणारच नाही.

रानवारा
पिंपळपानताई, तुमचा हेतू चांगला आहे पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, माझे अकरा वर्षांतले सगळ्यात वाईट तीन आठवडे टी ट्री ऑइलनेच आले. पॅच टेस्टला ते स्पष्ट उमटलं. ही तेलं बाटली उघडी राहिली, जुनी झाली की हवेने त्यांचं ऑक्सिडेशन होतं आणि मग ती जास्त ॲलर्जी करतात. लव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी घटकाचं तेच. झाडातून आलं म्हणून सौम्य, असं काही नसतं, गाजर गवताने तोंड सुजलेली माणसं बघितली असतील तुम्ही, तेही झाडच. फुटलेल्या कातडीवर तर कुठलंच सुगंधी तेल नको.

पिंपळपान
हे मला खरंच माहीत नव्हतं. माझी बाटली दोन वर्षं जुनी आहे, आजच टाकते. सावली, माझं ऐकू नकोस ग.

मृण्मयी_एस
माझं वेगळंच होतं, पण कुणालातरी उपयोग होईल म्हणून सांगते. मला पापण्यांना व्हायचं. डोळे सुजून बारीक व्हायचे, ऑफिसला गॉगल लावून जायचे. काजळ बदललं, क्रीम बदललं, फेसवॉश बंद केला, उशीचे अभ्रे गरम पाण्यातून काढले, दीड वर्ष हे चाललं. शेवटी पॅच टेस्टमध्ये निघालं ॲक्रिलेट, म्हणजे मी घरी जेल नेलपॉलिश लावायचे ते! नखांना काही नाही, बोटांना काही नाही, नुसत्या पापण्या. कारण आपण दिवसभर नकळत डोळ्यांना हात लावतो आणि पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. ज्यांना घरी जेल लावायचा शौक आहे त्यांनी कातडीला लागू देऊ नका, जेल वाळवायचा दिवा पूर्ण वेळ लावा, अर्धवट वाळलेलं जेल जास्त धोक्याचं. आणि ही ॲलर्जी नुसती नखांपुरती राहत नाही, दातांच्या फिलिंगमध्ये, हाडांच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्ये याच घराण्यातली रसायनं असतात, तेव्हा माझ्या फाइलवर आता मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. डिस्पोजेबल मोजे घालून पण उपयोग नाही, ॲक्रिलेट त्यातून काही मिनिटांत आरपार जातं.

केशकर्तन_नीता
मृण्मयी, बरोब्बर. मी पार्लर चालवते. आमच्यात हेअर डायमधलं पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमिन, हे मोठं दुखणं. गिऱ्हाईक म्हणतं दहा वर्षं हाच डाय लावतेय, काही झालं नाही, टेस्ट नको. पण दहा वर्षं झालं नाही याचा अर्थ अकराव्याला होणार नाही असा नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मी आता कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबायला लावते, दोन गिऱ्हाइकं नाराज होऊन गेली, जाऊ देत. फिरत्या माणसांकडून काळे टेम्पररी टॅटू काढून घेतात मुलं, त्यात पीपीडी भरमसाट असू शकतं आणि त्या एका टॅटूने जन्माची ॲलर्जी लागते, मग वीस वर्षांनी पहिल्यांदा केस रंगवले की डोकं, कान, डोळे सगळं सुजतं. आईबाबांनो हे टॅटू नका हो काढू देऊ मुलांना.

सावली_२१
सगळे इतकं मनापासून लिहिताय, वाचून धीर आला. पॅच टेस्टची वेळ मिळाली आहे, तीन आठवड्यांनी. तोवर काय करू? आणि टेस्ट दुखते का?

त्वचेची_वही
दुखत नाही, सुया टोचत नाहीत. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत एकेक पदार्थ ठरावीक प्रमाणात, बहुधा व्हॅसलीनमध्ये मिसळून, चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून बघतात आणि मग परत, लावल्यापासून ७२ किंवा ९६ तासांनी बघतात. दुसऱ्यांदा जाणं चुकवू नका, बरेच लोक पट्टी काढली की विषय संपला समजतात, पण खरी ॲलर्जी पुष्कळदा दुसऱ्या तपासणीलाच उमटते, काही धातू आणि औषधं तर सातव्या दिवशी. इरिटंटचा लाल डाग उलट विरत जातो, ॲलर्जीचा वाढत जातो. ही कल्पना जोसेफ यादासोन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये मांडली आणि तत्त्व आजही तेच आहे.
तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नाही (आईला उचलायला कुणाची मदत मिळते का बघा). आठवडाभर आधीपासून पाठीवर स्टिरॉइड मलम नको, पोटातून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्याने खरी ॲलर्जी झाकली जाते. खाजेच्या साध्या गोळ्यांनी या टेस्टवर फरक पडत नाही. अंगभर पुरळ असताना टेस्ट करत नाहीत, सगळी पाठच लाल होते आणि काही कळत नाही. रक्ताच्या ॲलर्जी टेस्टचे मोठे मोठे पॅनल करून घेऊ नका, ते दुसऱ्या प्रकारच्या ॲलर्जीचे असतात.
तोवर: रबराचे मोजे बंद. विनाइलचे घ्या, त्यात रबराची रसायनं नसतात, आत सुती पातळ मोजा घाला आणि तो ओला झाला की बदला. हात दिसायला मळलेले नसतील तेव्हा साबणाऐवजी ग्लिसरीनवालं अल्कोहोल सॅनिटायझर वापरा. भेगांवर झोंबतं म्हणून लोक त्याला जास्त वाईट समजतात पण साबण-पाण्यापेक्षा ते त्वचेचं तेल कमी काढतं. आईची शी-शू काढल्यावर मात्र साबणानेच धुवा, कोमट पाणी, गरम नको. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण अडकून राहतो.

निखिल_जे
मॉइश्चरायझरबद्दल कुणी बोललं नाही अजून. मला हॉटेलच्या किचनमधे काम करताना झालं होतं. सगळ्यात साधं पांढरं पेट्रोलियम जेली, वास नाही, रंग नाही, तेच चाललं. दर वेळी हात धुतल्यावर टिपून (घासून नाही) लगेच लावायचं, रात्री जाड थर आणि वर सुती मोजे. एक गोष्ट महागात पडली ती म्हणजे कातडी दिसायला बरी झाली की मी सगळं सोडून द्यायचो आणि दोन आठवड्यांत परत. दिसायला बरी होते तेव्हा आतून बरी झालेली नसते, महिनोन्महिने लागतात. आणि डब्यावर 'अनसेंटेड' लिहिलंय ते बघून घेऊ नका, त्यात वास झाकायला वास घातलेला असू शकतो, 'फ्रॅग्रन्स फ्री' बघा.

सावली_२१
निखिलदादा, हेच माझं झालं असणार, दर वेळी चार दिवसांत बरं वाटलं की ट्यूब पण बंद आणि व्हॅसलीन पण बंद. स्टिरॉइड म्हणून भीती वाटायची, कातडी पातळ होते म्हणतात.

त्वचेची_वही
भीती अगदी खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. हाताला ताकदीचं स्टिरॉइड डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण लावलं आणि मग एक दिवसाआड करत बंद केलं तर सहसा त्रास होत नाही. चेहरा, पापण्या, काखा, जांघ इथे तेच मलम नाही. बोटाच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मटारच्या दाण्याएवढं घेऊन दोन्ही हातांना पुरवलंत तर ते पुरत नाही आणि मग औषध चालत नाही असं वाटतं. मला खरी काळजी वाटते ती स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगलचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबची, जी कुणीही कुणालाही देतं. फंगल असेल तर स्टिरॉइडने ते पसरतं आणि ओळखू येईनासं होतं, आणि त्यातल्या निओमायसिन या अँटिबायोटिकचीच ॲलर्जी होऊ शकते. म्हणजे लावाल तितकं वाढतं. तुमच्या तीन ट्यूबची नावं तपासणीला घेऊन जा. खरं तर हाताला लागणारं सगळंच घेऊन जा, मोज्यांचं पाकीट, साबण, क्रीम.
पू आला, ताप आला, लाली वर सरकायला लागली किंवा डोळे, तोंड सुजलं तर तीन आठवडे थांबायचं नाही, लगेच जा.

सावली_२१
(पाच आठवड्यांनी) मंडळी, उशीर झाला, आईला मधे ताप होता. टेस्ट झाली. ४८ तासांनी फक्त निकेल उमटलं होतं आणि मी मनात म्हटलं झालं, अंगठीच. ९६ तासांना गेले तर थायुराम दोन अधिक (++), म्हणजे ठळक ॲलर्जी! पाठीवर चिमटीएवढा फोडांचा गोल. तुम्ही सांगितलं नसतं तर मी दुसऱ्यांदा गेलेच नसते, आईला एकटीला सोडून जायचं जिवावर आलं होतं.
डॉक्टर म्हणाल्या निकेल खरं आहे पण जुनं, लहानपणी खोट्या कानातल्यांनी कान चिघळायचे त्याचं, आत्ताच्या हाताशी त्याचा संबंध नाही. टेस्टमध्ये जे उमटतं ते सगळंच दोषी नसतं, हे मला तिथेच कळलं. दोषी मोजेच.
हात सत्तर टक्के बरे आहेत. पण उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, एक पट्टा जातच नाहीये, आणि मोजे तर महिन्याभरापासून विनाइलचे आहेत.

अभय_बांधकाम
ताई, उजव्या हाताने रोज काय धरता तुम्ही? माझ्या ओळखीच्या एकाचं हातोड्याच्या रबरी मुठीने व्हायचं.

सावली_२१
अभयदादा!! व्हीलचेअर. आईला रोज सकाळ-संध्याकाळ गॅलरीत नेते, त्याच्या हँडलला काळं रबर आहे आणि दार उघडायचं असतं म्हणून मी उजव्या हाताने जोर लावते. आत्ता जाऊन हात ठेवून बघितला, पट्टा बरोब्बर तिथेच येतो. दोन्ही हँडलवर जुन्या सुती ओढणीचे तुकडे गुंडाळून शिवून टाकलेत. आई विचारत होती हे काय नवीन, तिला म्हटलं तुझ्या गाडीला कपडे शिवले.

त्वचेची_वही
छान शोधलंत. कापड दर दोन-तीन दिवसांनी धुवा, घामाने रसायन त्यातून पाझरतं. बी.पी.च्या मशीनचा पंप रबरी असेल तर तो आणि गरम पाण्याची पिशवी, या दोन्हींकडेही बघा. पट्टा जायला दोन-तीन आठवडे द्या, तोवर मलम त्या पट्ट्यापुरतंच.

सावली_२१
गरम पाण्याची पिशवी रोज रात्री भरते मी. आज तिलाही शिवते.